दोन टिंबांचे पाच वाल्व

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते कुकरची रिंग बदलायचं. सिंधूने तुरीची डाळ लावली होती आणि शिट्टीच होईना, झाकणाच्या कडेनं नुसती वाफ. मी म्हणालो, उलटी करून बसव, आठवडाभर चालेल. तिने रिंग काढली, धुतली, दोन नखांत धरून चिमटली आणि म्हणाली, "फेका. मेलीय ही." मी अन्नपूर्णा रोडवरून नवी घेऊन आलो. ती पण तिने चिमटून पाहिली, उजेडाकडे धरली, मग मी झाकण धरलं आणि तिने बोटानं दाबत दाबत बसवली. वरण झालं. जेवलो. जेवताना भांडलोसुद्धा, मिठावरून. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्याशी टेकून बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस. त्याला चार महिने झाले. मुलगा म्हणतो, बाबा, लिहीत बसा, मन लागेल. मन वगैरे काही लागत नाही. पण रबर बोटानं ओळखायला ती कुठे शिकली ते मला माहीत आहे, कारण तेव्हा मी तिथेच होतो आणि चूक माझी होती. तेवढं लिहून ठेवतो. मी सहावी पास आहे. काना-मात्रा सून बघेल.

आमची कापडमिल बंद पडली तेव्हा आमच्या लग्नाला एक वर्ष झालं होतं. जुन्या इंदुरात दीड खोली होती, त्यात मी, सिंधू आणि बाबा. आई लग्नाच्या आधीच गेलेली. बाबा वीव्हिंग खात्यात होते, साचे चालवायचे. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. चारशे साचे एका छपराखाली धडधडतात तिथे माणसाचा कान दहा वर्षांत जातो. बाबांचा कधीच गेला होता. साच्यावरची माणसं आवाज न करता नुसत्या ओठांनी आणि हातांनी बोलतात, तीच बोली आमच्या घरात होती. मूठ हळूहळू आवळली म्हणजे "सावकाश". बोटं झटकून हात उघडला म्हणजे "सोड". तळहात छातीवर थापटला म्हणजे "माझ्याकडे बघ". सिंधू आली तेव्हा पहिला महिना तिला वाटलं सासरे रागावून बसलेत. तिसऱ्या महिन्यात ती बाबांशी न बोलता भांडायला लागली. शेजारीण मला विचारायची, तुमच्याकडे इतकी शांतता कशी? शांतता कसली, आत दोघांचे हात चालू असायचे. भाजीत तिखट कमी का, यावर.

मी स्पिनिंगमध्ये, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, तेलवाला होतो. सोळाव्या वर्षी बदली कामगार म्हणून लागलो. हातात लांब चोचीची बुधली, आणि सकाळपासून चात्यांना, म्हणजे सूत पिळणाऱ्या फिरत्या सळ्यांना, तेल देत फिरायचं. चात्यांचं तेल पातळ असतं, पाण्यासारखं, त्याला वास जवळजवळ नसतो. स्पिंडल तेल. ते देणं हे कसबाचं काम आहे असं मला वाटायचं आणि आजही वाटतं. कमी दिलं की चाती तापते, जास्त दिलं की सुतावर डाग. मिलला कुलूप लागायच्या आधी ज्याला जे हाताला लागलं ते त्याने घरी नेलं. कोणी बॉबिन, कोणी पट्टा. मी तेलाचा एक डबा आणला, जवळजवळ भरलेला. त्यानंतर आमच्या घरात त्या तेलानं सगळं व्हायचं. दाराची बिजागरी, सायकल, शेजारणीची शिलाई मशीन. बाबा ते गुडघ्यांना चोळायचे आणि फरक आहे असं सांगायचे.

मिल गेल्यावर मी लोहामंडीत गेंदालाल उस्तादांकडे लागलो. उस्ताद हातोदचे, रोज पहिल्या बसनं यायचे, खिशात शेव आणि कांदा बांधलेला. त्यांचं काम एकच, ट्रकच्या हवेच्या ब्रेकचे वाल्व. इंजिनाला हात लावायचे नाहीत, गिअरला नाही. "इंजन बंद हुई तो गाडी खडी रे. ब्रेक गया तो गाडी जाय." एवढंच त्यांचं भाषण. मला त्यांनी ठेवलं कारण माझे हात थरथरत नव्हते.

आता वाल्वचं सांगतो, ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेचा असतो. इंजिन हवा भरतं, ती टाक्यांत साठते. ड्रायव्हरचा पाय पडला की टाकीतली हवा नळीतून चाकाजवळच्या पत्र्याच्या डब्यात जाते, त्याला आम्ही बूस्टर म्हणतो. त्यातून एक दांडी बाहेर येते आणि चाकाचा ब्रेक आवळते. पाय उचलला की ती हवा फुस्स करून बाहेर. किती हवा सोडायची ते ठरवणारा लोखंडी गड्डा पायाखाली असतो, तो वाल्व. जुन्या गाड्यांत हवेला एकच रस्ता होता. एक नळी फुटली की सगळी चाकं मोकळी. मग आले ते डबल सर्किटचे. जेवणाचा दोन मजली डबा समजा. वरच्या मजल्याला मागच्या चाकांची टाकी, खालच्याला पुढच्या चाकांची. पाय दाबला की स्प्रिंग दबते, ती वरच्या पिस्टनला ढकलते, वरचा रस्ता उघडतो आणि मागच्या चाकांना हवा जाते. त्यातलीच थोडी हवा बारीक भोकातून खालच्या पिस्टनच्या डोक्यावर येते, तो खाली सरकतो आणि पुढच्या चाकांचा रस्ता उघडतो. म्हणजे खालच्या पिस्टनला एरवी पाय लागतच नाही, वरची हवाच त्याला ढकलते. आणि वरची टाकी रिकामी झाली तर वरचं लोखंड खाली येऊन खालच्याला टेकतं, मग पाय त्याला सरळ ढकलतो. मागचं गेलं तर पुढचं लागतं, पुढचं गेलं तर मागचं. ज्याने हे डोकं चालवलं त्याला मी मनात पुष्कळदा हात जोडलेत.

पण यात एक खोट आहे. एक बाजू मेली तरी गाडी थांबते, म्हणून ड्रायव्हरला कळतच नाही की एक बाजू मेलीय. सपाट रस्त्यावर तर नाहीच. कळतं ते घाटात, भरल्या गाडीला. पुढची मेली असेल तर सगळा भार मागच्या ड्रमांवर येतो, ते तापतात, धूर निघतो, आणि मग पाय कितीही दाबा.

आमचं काम म्हणजे वाल्व खोलायचा, पुसायचा, आतली झिजलेली रबरं काढून नव्या किटमधली बसवायची. पिस्टनच्या कडेला खाच असते, तिच्यात रबराची रिंग बसते, तीच हवा अडवते. लोहामंडीत धूळ फार, रबराला एक कण चिकटला तरी हवा गळते. म्हणून उस्तादांनी सांगितलं, पिस्टन घरी ने, रिंगा घरी बसव. मी ते वाल्वच्या रिकाम्या अंगासकट पिशवीतून आणायचो आणि सिंधू बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा अंथरून रिंगा चढवायची. तिची बोटं बारीक. ती दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून प्रत्येक वाल्वला गाडीचा नंबर लिहून चिठ्ठी बांधायची तीच. मी दुकानात जोडणी करायचो, मग उस्ताद हवा लावून तपासायचे. आधी वरची टाकी रिकामी करून, मग खालची. दोन्ही आवाज बरोबर आले की वाल्वच्या अंगावर पंच मारायचा. ज्याने बांधला त्याची खूण. उस्तादांचं एक टिंब, माझी दोन. उद्या काही झालं तर कोणाची मान धरायची ते लोखंडावर लिहिलेलं.

रबराबद्दल उस्तादांचा एकच नियम होता. "रबर के म्हारी ग्रीस. उंगली की नोक से. दूसरो कंई नी." म्हणजे रबराला फक्त त्यांची ग्रीस, दुसरं काही नाही. त्यांची ती पांढरी ग्रीस कपाटात कुलपात. मला घरी नेण्यासाठी त्यांनी औषधाच्या मलमाएवढ्या डबीत थोडीशी दिली होती. का म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारा चिक्कू आहे. एवढ्याशा ग्रीसनं काय होणार, रिंग कोरडीच चढते, खाचेत अडते. आणि घरात डबा भरून तेल, जे मी सहा वर्षं हजारो चात्यांना दिलं आणि एक चाती कधी अडकली नाही. मी वाटीत तेल काढलं आणि सिंधूला सांगितलं, रिंगा यात बुडवून लाव. ती म्हणाली, "ते पांढरं का नाही लावायचं?" मी म्हणालो, "तेल मला शिकवणार तू?" तिने पहिली रिंग वाटीत बुडवली. रिंगा सरसर चढल्या. दुकानात पिस्टन लोण्यासारखे सरकले. उस्तादांनी तपासलं, आवाज बरोबर, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एका आठवड्यात मी असे पाच वाल्व बांधले आणि पाचांवर दोन-दोन टिंबं मारली.

पाचवा शंकरमामाचा. शंकरमामा म्हणजे सिंधूच्या आईचा भाऊ, जन्मभर ट्रकवर, आमचं लग्न त्यानेच जमवलं. तेव्हा मिलचे साचे भंगारात निघाले होते. मालेगावचे लोक ते घेऊन जात होते आणि मामाची गाडी त्यावर लागली होती. बाबांचे साचे मामाच्या ट्रकमध्ये, आणि ट्रकचा वाल्व माझा. बाबा तो लोड बघायला गेले होते. परत येऊन बोटांनी सांगितलं, बारा भरले. मग पाटावर बसून चहा प्यायले.

मामा निघायचा त्या सकाळी मी पोहे खात होतो आणि सिंधू पुढच्या वाल्वचे पिस्टन काढून बसली होती. दोन दिवसांपूर्वी रिंगा चढवून ठेवलेले, तेलाची वाटी शेजारीच. ती म्हणाली, "अहो, हे बघा बरं." मी म्हणालो, खाऊ दे. ती म्हणाली, "बघा." खालच्या पिस्टनची रिंग खाचेतून बाहेर येऊन लोंबत होती. मी म्हणालो, तू ढिली बसवलीस. तिने किटच्या पाकिटातून नवी कोरी रिंग काढली आणि वाटीत राहिलेली एक बाहेर काढून दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर ठेवल्या. वाटीतली मोठी होती. जाड पण. तिने ती दोन नखांत चिमटली आणि नख आत रुतलं. "साबूदाण्यागत झालंय," ती म्हणाली. मी पिस्टन घेऊन वाल्वच्या अंगात घालून बघितला. गेला नाही. अंगठ्यांनी दाबला. अर्धा गेला आणि तिथेच बसला, मागे येईना, पुढे जाईना.

मला आजही तो अंगठ्याखालचा लोखंडाचा गारवा आठवतो. खालचा पिस्टन म्हणजे पुढची चाकं. परवा बांधलेला वाल्व मामाच्या गाडीत होता आणि त्यातलं रबर दोन दिवस याच तेलात. तपासणीच्या वेळी ते फुगलेलं नव्हतं, म्हणून आवाज बरोबर आले. आता फुगलं होतं. आज कुणी मला विचारलं तर मी सांगतो, साध्या रबराला खनिज तेल चालत नाही, ते तेल पितं. तेव्हा कोण सांगणार? मिलमध्ये लोखंड असतं, लाकूड असतं, चामड्याचा पट्टा असतो. रबर कुठे असतं?

"मामा किती वाजता निघणार होता?" मी विचारलं.

"निघाला असेल," सिंधू म्हणाली. "मानपूरला जेवतो तो. घाटाच्या आधी."

मी चप्पल घालेपर्यंत तिने नवी किट, ती मलमाची डबी आणि धोतराचा तुकडा पिशवीत टाकला होता. मी पाने घेतले. मी म्हणालो, तू कुठे? ती म्हणाली, "रिंगा कोण बसवणार? तुम्ही?" बाबांना तिने हातानेच सांगितलं, मामा, गाडी, ब्रेक. बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी खुंटीवरची आपली टोपी काढून मला दिली, ऊन लागेल म्हणून. त्यांना काय करावं ते कळलं नसेल.

सरवटे स्टँडवरून मानपूरची बस मिळाली. ती दर दोन फर्लांगावर थांबायची. राऊला एका बाईची दोन बोचकी चढेपर्यंत मी दोनदा कंडक्टरला म्हणालो, चलो ना. तो म्हणाला, "भिया, कायकू पीछे पड़े हो? नई-नई शादी है, आराम से बैठो दोनों." लोक हसले. सिंधू खिडकीबाहेर बघत समोरून येणाऱ्या आणि मागे पडणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर वाचत होती. तिचे ओठ हलत होते. महूच्या पुढे ती एकदाच बोलली. "त्याने आज जेवायला थांबू नये असं काही व्हायला नको." मला सारखं दिसत होतं, बारा साचे वर, आणि खाली नुसती मागची चाकं.

मानपूरच्या ढाब्यावर गाडी उभी होती. मामा खाटेवर बसून शेव-टमाटर आणि रोटी खात होता. आम्हाला बघून त्याचा घास हातातच राहिला. दोघं एकदम आले म्हणजे घरात कोणी गेलं, असं त्याला वाटलं.

"कोण गेलं?" तो म्हणाला.

"अजून कोणी नाही," सिंधू म्हणाली.

मी त्याला सांगितलं, तुझा पुढचा ब्रेक लागत नाही. तो चिडला. "इंदूरपासून येऊन राहिलोय. वीस वेळा ब्रेक मारला असेल. गाडी थांबून राहिली की नाही? जावईबापू, तीस वर्षं चालवतोय मी." मी म्हणालो, चाकाजवळ चल. इंजिन चालू करून टाक्या भरू दिल्या. चाकांना दगड लावले. मामा पुढच्या चाकाशी वाकून उभा राहिला, मी खाली झोपलो, आणि ब्रेकवर पाय ठेवायला सिंधू केबिनमध्ये चढली. साडी गुडघ्यात धरून. ढाब्यावरचे ड्रायव्हर खाटांवरून उठून आले. एक म्हणाला, "मामा, नई भर्ती की क्या? लायसन है इनका?" सिंधूने खिडकीतून उत्तर दिलं, "पहले तुम्हारा दिखाओ."

इंजिनच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं. मी तळहात छातीवर थापटला. ती दारातून वाकून माझ्याकडे बघायला लागली. मी मूठ सावकाश आवळली. तिने पाय हळू टेकवला, घाटात टेकवतात तसा. मागे बूस्टरची दांडी बाहेर आली. पुढची जागची हलली नाही. मी बोटं झटकली. सोड. पुन्हा मूठ. पुन्हा मागची आली, पुढची नाही. तीन वेळा. मग मी दोन्ही हातांनी खूण केली, लाथ मार. तिने उभं राहून पाय दिला. तेव्हा पुढची दांडी एकदम खट्टकन बाहेर उडाली आणि पाय उचलल्यावरही बराच वेळ आत गेली नाही. म्हणजे पिस्टन फुगून बसला होता. पूर्ण जोर दिला तर जेमतेम सरकत होता आणि सरकल्यावर अडकत होता. आणि घाटात कोणी लाथ मारत नाही.

मामाने हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तो पायरीवर बसला. रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुझं लग्न लावून दिलं ते चांगलं केलं का वाईट, मला अजून ठरवता येत नाही." आणि सिंधूला म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही बोलून राहिलो मी."

तिथेच हवा सोडली, नळ्या सोडल्या, वाल्व खाली काढला. खाटेवर धोतर अंथरलं. मी खोलायचो, ती पुसायची. तेलाचा माग राहू नये म्हणून कोरड्या कापडानं तीन-तीनदा. प्रत्येक नवी रिंग ती आधी नखांत चिमटून बघायची, मग बोटाच्या टोकावर एवढीशी पांढरी ग्रीस, आणि चढवायची. खाचेत अडली तर ओढायची नाही, फिरवत फिरवत न्यायची. कोरड्या धातूवर ती ग्रीस पुरेशी असते हे मी तेव्हा बघितलं. उस्तादांनी दिलेली डबी संपली नाही, अर्धी उरली. ढाबेवाल्याने दोनदा चहा दिला, तो गार झाला. जोडून, हवा भरून, पुन्हा ती वर, मी खाली. मूठ सावकाश आवळली. पुढची दांडी मागच्याबरोबर बाहेर आली, हळू, जेवढा पाय तेवढीच. बोटं झटकली. दोन फुस्स झाले, एक मागून, एक पुढून. सिंधू केबिनमध्ये हसली. मी आयुष्यात तिला पुष्कळदा हसताना पाहिलं, पण ते खालून, चाकाच्या बाजूनं बघितलेलं वेगळंच होतं.

मामा निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "गेंदालालला सांगू नको. काम जाईल तुझं. मिल गेली, आता हे पण जाईल. माझी गाडी झाली ना नीट? झालं." आणि घाटाकडे निघून गेला. संध्याकाळपर्यंत सुखरूप खाली उतरला, ते नंतर कळलं.

परतीच्या बसमध्ये माझं अंग हलकं झालं होतं. मी शेंगदाणे घेतले. सिंधू खात नव्हती. म्हणाली, "बाकीचे चार?"

मी म्हणालो, ते कुठे घाटात जातात? एक देवासचा आहे.

"एक देवासचा. एक सेंधव्याचा. ज्याने पेरू दिले होते तो धुळ्याचा. चौथा मुंबईचा."

मी म्हणालो, "गप बस." बसमध्ये दोन-चार लोकांनी वळून बघितलं. तिने शेंगदाण्याचा कागद माझ्या मांडीवर परत ठेवला.

घरी बाबांनी खुणेनं विचारलं, मामा? तिने सांगितलं, ठीक. मग मी बाबांना ओठांनी समजावलं की तेलानं रबर खराब झालं. त्यांनी दोनदा बोलायला लावलं. मग मोठ्या आवाजात म्हणाले, ते बोलायचे तेव्हा ओरडूनच, "तेलानं काही बिघडलं असं मी चाळीस वर्षांत ऐकलं नाही!" आणि तेच माझं शिक्षण होतं, त्याच्या बाहेरचं मला काही येत नव्हतं. सिंधूने खिचडी टाकली होती. मला ती जाईना. मामाच्या वेळी मी धावलो कारण तो मामा होता. पेरूवाल्याचं नाव मला माहीत नव्हतं. त्याचा हसरा, पान खाल्लेला चेहरा मात्र माहीत होता, आणि त्याच्या पायाखाली माझी दोन टिंबं होती. मी ताट बाजूला सारलं आणि सिंधूला म्हणालो, सकाळी तू पण चल. नंबर तुलाच माहीत आहेत.

सकाळी हातोदची पहिली बस यायच्या आधी आम्ही दोघं दुकानाच्या शटरसमोर उभे. उस्ताद आले, सिंधूला बघून थांबले. मी एका दमात सांगितलं. तेल, रबर, मानपूर, सगळं. त्यांनी विचारलं, "कित्ता?" मी म्हणालो, पाच, एक झाला. मग त्यांनी मला, माझ्या मिलला आणि त्या तेलाला अशा शिव्या दिल्या की समोरचा लोहार भाता सोडून बघायला लागला. सिंधू तिथेच उभी, पण त्यांना तिचं भान नव्हतं. शिव्या संपल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "गाड़ी कौन कौन सी?" सिंधूने चारही नंबर घडाघडा सांगितले. उस्तादांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग शटर उघडलं, माझा पंच खोक्यातून काढून स्वतःच्या खिशात टाकला, कपाटाचं कुलूप काढलं आणि ग्रीसचा अख्खा डबा माझ्या हातात दिला. "चारी मिलेगा तब पंच मिलेगो. बेटी यहाँ बैठेगी, जो गाड़ी यहाँ आए वो देखेगी. तू राऊ जा. बंबई की तरफ का सब वहीं से निकले."

तीन सापडले. देवासचा त्याच दिवशी दुकानात आला, धुळ्याचा त्याच सकाळी मला भेटला, सेंधव्याचा आठवड्याभरात. चौथा, मुंबईचा, कधीच सापडला नाही. उस्तादांनी महिन्याभरानं तरीही पंच परत दिला. कुठे अपघात झाल्याचं ऐकलं की आम्ही दोघं नंबर विचारायचो. तो नंबर सिंधूला शेवटपर्यंत पाठ होता. मी कधी लिहून घेतला नाही, ती होती ना. आता मला त्यातले शेवटचे दोनच आकडे आठवतात.

त्या सकाळी मी राऊच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. पाठीला पाने आणि किटची पाकिटं, हातात ग्रीसचा डबा, डोक्यावर बाबांची टोपी. नऊच्या सुमाराला पेरूवाल्याची गाडी आली, कांदा भरलेली, वेगात. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. ती माझ्यापासून दहा हातांवर थांबली, आणि त्याने खिडकीतून डोकं काढून आईवरून शिवी दिली. मग मला ओळखलं.

"अरे भिया! तू है? मरना है क्या? देखा, ब्रेक कैसा मस्त लगा?"

"देखा," मी म्हणालो. "नीचे उतर."